सोन्याच्या ठिणग्या की सोन्याचे पाणी?

नरकचतुर्दशीच्या पहाटे मिरजोळ्यातील आमच्या अंगणात भुईनळा उडू लागला, की मला माझी एक चूक आठवते. वर्गात एका मुलीने विचारले होते, "गुरुजी, सोने तापवीतच गेलो तर शेवटी काय होईल?" मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा शिक्षक, धीटपणे सांगून टाकले, "आधी रस, मग वाफ आणि अखेरीस भुईनळ्याच्या ठिणग्या. एकीचा दुसरीशी संबंध नाही!"

मागाहून वाचले तेव्हा कळले, की पुष्कळ शास्त्रज्ञांचाही अंदाज काहीसा असाच होता.

अमेरिकेत बर्कले येथे १९८४ साली जड अणुगर्भांच्या टकरींत स्पष्ट दिसले, की बाहेर पडणारे कण स्वैर उधळत नाहीत, मिळून वाहतात. १९९२ मध्ये ज्यां-इव्ह ओलित्रो या फ्रेंच शास्त्रज्ञाने या वाहण्याची एक सुंदर कसोटी सुचविली. दोन अणुगर्भ किंचित बाजूने आपटले, तर त्यांचा एकमेकांवर आलेला भाग बदामासारखा असतो. वाचकहो, आमच्या सड्यावरचा बदामाच्या घाटाचा एखादा उंचवटा डोळ्यांपुढे आणा. लांबीकडे उतार पसरट, रुंदीकडे उभा. म्हणून पाणी रुंदीच्या अंगानेच जोराने धावते. बदामातल्या दाबाचेही तसेच. सुट्या ठिणग्या चहूकडे सारख्याच उडतील. पाणी असेल, तर रुंदीच्या अंगाने कण अधिक निघतील.

न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन येथे २००० सालापासून सोन्याचे अणुगर्भ एकमेकांवर आदळविले गेले. उष्णता सुमारे चार लाख कोटी अंश! आणि कण निघाले ते रुंदीच्या अंगाने अधिक. २००५ साली तेथील शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की हा वायू नव्हे, हा जवळजवळ निर्दोष द्रव आहे. विश्व जन्मले तेव्हा पहिले काही मायक्रोसेकंद ते अशाच रसाचे होते, असे मानतात.

जगभर कौतुक चालले असता, त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राजीव भालेराव यांनी ओलित्रो आदी सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. रस वाहतो खरा. पण निमिषाच्याही कोट्यंशात त्याच्या कणांचा आपसांत पुरता समतोल साधतो काय? पुराव्यावरून तो अपुराच दिसतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे २०१० मध्ये जिनिव्हाजवळ शिशाच्या अणुगर्भांच्या, अधिक जोराच्या टकरींत हा प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला.

मी त्या मुलीला बोलावून चूक कबूल केली. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग समतोल नेमका साधतो तरी कसा?"

या वेळी मात्र मी धीटपणा केला नाही. म्हटले, "बाळ, ते अजून शोधताहेत. तूही शोध."