गोणपाटावरचा गालिचा

ताणलेल्या कापडाखाली एका हाताने लोकरीची पट्टी धरायची, वरून आकडी खुपसायची आणि पट्टीचा लूप वर ओढून घ्यायचा. शेजारच्या छिद्रात पुन्हा तेच. यात गाठ कुठेच नाही. लूप टिकतात ते एकमेकांच्या दाटीने. पट्टीचं टोक ओढलं की आख्खी ओळ उसवते आणि खालचं कापड पुन्हा मोकळं होतं. न्यू इंग्लंड आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात हा गालिचा घरोघर पसरला.

पसरला तो मुख्यतः पोत्यांमुळे. बंगालचा ताग १८३० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत यंत्रावर कातला जाऊ लागला. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा इथेही तागगिरणी निघाली. शतकाच्या मध्यानंतर धान्याची रिकामी पोती अमेरिकेतल्या शेतघरांत सहज मिळू लागली. गोणपाटाची वीण विरळ, त्यामुळे आकडी अडत नाही. पोतं उसवायचं, धुवायचं, चौकटीवर ताणायचं आणि जळक्या काडीने घर, कुत्रा, फुलं काढायची. अनेकदा पोत्याचं माप तेच गालिच्याचं माप.

लोकर मात्र जुन्या कपड्यांची. कोटाचा निळा रंग अर्ध्या आकाशातच संपायचा. मग उरलेलं आकाश राखाडी व्हायचं, किंवा केलेलं थोडं उसवून निळा दोन्हीकडे विखरायचा. कुणी कांद्याच्या सालींत चिंध्या रंगवून घेई. हातात भडक दिसणारा तांबडा तपकिरीच्या शेजारी बसला की विझतो. हे कागदावर कळत नाही, चार ओळी भरून लांबून पाहावं लागतं. म्हणून आधी आकृतीची कड, मग पोट, पार्श्वभूमी शेवटी. आणि प्रत्येक छिद्र भरायचा हट्टही बरा नव्हे. लूप फार दाटले की गालिचा जमिनीवर सपाट बसत नाही, फुगतो. मग मधले काही काढावे लागतात.

मेन राज्यातल्या बिडेफर्डचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा पत्र्याची भांडी विकत हिंडणारा फेरीवाला. १८६८ च्या सुमारास त्याने धातूच्या पत्र्याचे साचे कापले आणि गोणपाटावर नक्षी छापून विकायला सुरुवात केली. सिंह, फुलांचे गुच्छ, महिरपी. एकाच छापाचे गालिचे गावोगाव झाले, तरी रंग ज्याच्या त्याच्या चिंध्यांच्या गाठोड्यातले. माझ्या मते फ्रॉस्टने फक्त रेषा विकली.

खरी शिस्त आली न्यूफाउंडलंडमध्ये. तिथल्या कोळी बायका या चटया आधीपासूनच करत. विल्फ्रेड ग्रेनफेल या डॉक्टरांच्या मिशनसाठी जेसी ल्यूथर १९०६ मध्ये सेंट अँथनीला आल्या, हस्तोद्योग उभा राहिला आणि चटया विकायला बाहेर जाऊ लागल्या. ध्रुवीय अस्वलं, कुत्र्यांच्या घसरगाड्या, ठरलेले रंग, सरळ आडव्या ओळी. पुढे त्यांत परदेशांतून मागवलेले फाटके रेशमी मोजेही आले. कारागिरी इतकी बारीक की डोळे दिपावेत. मात्र हात चालता चालता नक्षी बदलण्याची मुभा त्यात फारशी उरली नाही. बाईच्या हाती मजुरी पडत होती, हेही खरं.

गोणपाट वयाबरोबर ठिसूळ होतो, त्यामुळे जुने गालिचे पाठीकडूनच विरले. आजचे कारागीर लिननवर किंवा जाड सुती कापडावर काम करतात. ते पुन्हा पुन्हा उसवणं सोसतं.