अंगठा मागणारे गुरू आणि पुस्तक देणारे मास्तर

गुरुपौर्णिमा आली की गुरुमहिम्याचे संदेश फिरू लागतात. त्यात एकलव्याची गोष्ट हमखास असते, आणि ती गुरुभक्तीचा आदर्श म्हणून सांगितली जाते. ती गोष्ट जरा नीट वाचा. ज्या मुलाला शिकवायला गुरूने नकार दिला, तो मुलगा स्वतःच्या बळावर शिकला. गुरूला कळले तेव्हा त्याने दक्षिणा म्हणून अंगठाच मागितला. बहुजनाने शिकणे ब्राह्मणी व्यवस्थेला खटकतेच, पण कोणाचीही परवानगी न घेता शिकणे तिला अजिबात सहन होत नाही, हे या कथेने आपल्याला सांगून ठेवले आहे.

आपला इतिहास मात्र दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकांनी घडवला आहे. विद्यार्थ्याने आपल्याही पुढे जावे, आपण न शिकवलेला प्रश्न विचारावा, असे वाटणाऱ्या शिक्षकांनी.

पहिले उदाहरण पुण्याचे. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. शाळेतला निबंध म्हटले की आपल्याला पाठ केलेल्या ओळी आठवतात. मुक्ताने मात्र धर्मालाच जाब विचारला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता? पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले जुलूम तिने सांगितले, उघड्यावर बाळंत होणाऱ्या मांग-महार स्त्रियांचे हाल सांगितले आणि शेवटी आपल्याच समाजाला शिकण्याची हाक दिली. ती जोतिरावांची आणि सावित्रीमाईंची विद्यार्थिनी होती, पण निबंधात बोलते ती मुक्ता. तिचे दुःख तिच्याच शब्दांत आणि तिच्याच नावाने जगापुढे आले. शिक्षकाचे यश यापेक्षा वेगळे काय असते?

दुसरे उदाहरण मुंबईचे. शाळेत भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. हा अंगठा मागण्याचाच प्रकार. त्याच मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळूसकर नावाचे शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळूसकर काही बौद्ध भिक्खू नव्हते. त्यांनी पुस्तक हातात दिले आणि विचार करण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडले. तो विचार 49 वर्षे चालला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर पोहोचला. केळूसकर 1934 सालीच गेले होते. आपल्या पुस्तकाने काय घडवले हे त्यांनी पाहिले नाही. ज्या मुलाला संस्कृत नाकारले होते, त्याने 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' लिहून त्याच धर्मग्रंथांची चिरफाड केली.

तिसरे उदाहरण परदेशातले. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे जॉन ड्युई त्यांचे प्राध्यापक होते. ड्युई अमेरिकेतील शाळांचा आणि लोकशाहीचा विचार मांडत होते. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिसंहार'मध्ये आपले शिक्षक म्हणून त्यांचे ऋण मान्य केले, पण त्यांचा विचार होता तसा उचलला नाही. तो जातीच्या प्रश्नाला लावून पाहिला आणि त्यातून स्वतःचे हत्यार घडवले. शिष्याने गुरूचे ऋण फेडायचे ते असे.

इथे एक सावधगिरी हवी. 'मुलांनी स्वतः शिकावे' हे वाक्य सरकारलाही फार आवडते. शिक्षक भरायचे नाहीत, वाडी-वस्तीवरची शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद करायची, आणि वर स्वयंअध्ययनाचे गोडवे गायचे. याला स्वावलंबन म्हणत नाहीत, याला वाऱ्यावर सोडणे म्हणतात. केळूसकर पुस्तक देऊन मोकळे झाले नाहीत. भीमरावांचे पुढचे शिक्षण पैशांअभावी अडले तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. जोतिरावांनीही 1882 साली हंटर आयोगापुढे प्रशिक्षित आणि चांगला पगार असलेले प्राथमिक शिक्षक मागितले होते. घरात पुस्तक नसलेल्या मुलाला स्वतंत्र व्हायला आधी भक्कम आधार लागतो. बाबासाहेबांनी म्हणूनच 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले आणि नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग चालवले.

आता आपल्याकडे पाहू. 14 एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत आपली मुले भाषण घडाघडा म्हणतात. ते लिहून कोण देते? आपणच. आपल्या अभ्यासवर्गात वक्ता दोन तास बोलतो, शेवटची पाच मिनिटे प्रश्नांना, आणि कोणी अडचणीचा प्रश्न विचारला की 'तू आधी बाबासाहेब वाच' म्हणून गप्प बसवतो. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगणाऱ्या महामानवाचे आपण भक्त तयार करतो आहोत का, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने, प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावा.

यंदाच्या जयंतीला एवढे करून पाहा. मुलांना लिहिलेले भाषण देऊ नका. बाबासाहेबांचा एखादा लेख द्या, तो वाचताना अडेल तिथे सोबत बसा, आणि व्यासपीठावर प्रत्येकाला त्यातून पडलेला एक प्रश्न विचारू द्या. काही प्रश्न आपल्यालाही झोंबतील. मुक्ताचाही झोंबला असेल. पण 1855 साली एका मुलीला तो विचारू देणारे शिक्षक होते, म्हणून आज आपण बोलतो आहोत.

जय भीम!