काझी करीमुद्दीन यांची दुरुस्ती

नागपूरहून वर्धा रस्त्याने निघाले की खापरी, दहेगाव, तेल्हारा, शिवणगाव या गावांच्या शेतजमिनींवर उभा राहिलेला मिहान प्रकल्प लागतो. मालवाहतुकीचे विमानतळ आणि विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून योजलेल्या या परिसरात आता एम्स आहे, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत आणि दहेगावला आयआयएम नागपूरचे संकुल आहे. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी ‘मार्वल’ ही कंपनी नागपुरात स्थापन केली. तिच्या करारात ही संस्था भागीदार आहे. या कंपनीच्या प्रयत्नांतून आलेली ‘महाक्राइमओएस’ ही तपासाची प्रणाली आधी नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहिली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातील १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. गुन्ह्याचा छडा लवकर लागावा, हा हेतू कोणालाही मान्य होईल. पण कोणाची माहिती गोळा होणार, ती कोण पाहणार आणि चूक झाली तर दाद कोठे मागायची, हे प्रश्न शिल्लक राहतात. हे प्रश्न जुने आहेत, आणि ते घटना समितीत मांडणारा एक माणूस आपल्याच मुलखातून निवडून गेला होता.

त्यांचे नाव काझी सय्यद करीमुद्दीन. नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून ते मुस्लिम प्रतिनिधी म्हणून घटना समितीत गेले. डिसेंबर १९४८ मध्ये मूलभूत हक्कांवर चर्चा चालू असताना त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, आणि सबळ कारण दाखवून काढलेल्या वॉरंटशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, असा तिचा आशय होता. अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी तरतूद आहे आणि खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या पुस्तिकेत ती मांडली आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

ही मागणी केवळ मुसलमानांसाठी नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. फाळणीची जखम ओली होती, मुसलमानांच्या निष्ठेवर उघड शंका घेतली जात होती. अशा वेळी करीमुद्दीन यांनी राखीव सवलत मागितली नाही. प्रत्येक भारतीयाच्या उंबरठ्याला संरक्षण मागितले. आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. अशा तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेतच, पण व्यक्तिस्वातंत्र्यासाठी त्या कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही मतदान लांबणीवर पडले आणि अखेर दुरुस्ती फेटाळली गेली.

या एका नकाराची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने नेमके हेच कारण दिले. घटनाकारांनी खाजगीपणाचा हक्क लिहिलेला नाही, तेव्हा तो आम्ही कोठून आणावा, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द झाल्या, पण पाळतीचे बाकीचे नियम टिकले. १९९६ मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर न्यायालयाने टेलिफोन ऐकण्यावर बंधने घातली. आदेश गृहसचिवांचा हवा, त्याला मुदत हवी, आणि एका समितीने त्याची तपासणी करायला हवी. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि १९५४ चा निकाल त्या मुद्द्यापुरता मोडीत काढला. करीमुद्दीन यांनी मागितलेल्या गोष्टीचा गाभा देशाला जवळजवळ ६९ वर्षांनी मिळाला.

दरम्यान महाराष्ट्राने आपला स्वतःचा कायदा केला होता. १९९९ चा मकोका संघटित गुन्हेगारीसाठी आला, पण तो दहशतवादाच्या खटल्यांतही वापरला गेला. त्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो आणि दूरध्वनी ऐकण्याची वेगळी तरतूद आहे. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही ऐकण्याची कलमे रद्द केली, कारण तार व टेलिफोन हा विषय केंद्राच्या यादीत आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरवली.

पाळतीची गरजच नाही, असे कोणी म्हणू नये. त्याच २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांचे फोन पोलिसांनी ऐकले आणि ती संभाषणे कसाबच्या खटल्यात महत्त्वाचा पुरावा ठरली. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने कब्रस्तानात जागा नाकारली, हेही या इतिहासाचा भाग आहे.

दुसरे उदाहरण ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांचे. त्यात १८० हून अधिक माणसे मेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. आरोपींना आपल्या बचावासाठी मोबाइलच्या कॉल नोंदी हव्या होत्या. त्या मिळवण्यासाठी त्यांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कबुलीजबाब ग्राह्य न धरता सर्वांना निर्दोष सोडले. त्यांपैकी दोघे त्या रात्री नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आले. एक जण मात्र २०२१ मध्ये त्याच कारागृहात असताना कोविडने मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत घेण्यास मनाई केली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्यास सांगितले नाही. या माणसांची १९ वर्षे गेली. आणि मेलेल्यांच्या घरच्यांना, आपल्या माणसाला कोणी मारले, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे खरा मुद्दा कळतो. सरकारजवळ माहिती किती आहे, एवढ्याने न्याय होत नाही. ती माहिती आरोपीलाही मागता येते का आणि ती गोळा करणाऱ्यावर बाहेरचा कोणी डोळा ठेवतो का, यावर तो अवलंबून असतो. आज ही बाहेरची नजर फार अधू आहे. दूरसंचार कायद्याखालील २०२४ च्या नियमांतही तपासणी समिती सचिवांचीच आहे, तिच्यात न्यायाधीश नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सरकारला आपल्या यंत्रणा अधिसूचनेद्वारे कायद्यातून वगळण्याची मुभा ठेवली आहे. फोन ऐकायला निदान एका अधिकाऱ्याची सही तरी लागत होती. हजारो नोंदी चाळून संशयिताकडे बोट दाखवणाऱ्या यंत्रावर कोणाची सही असते?

आपल्या समाजात या विषयावर बोलताना दोन टोके दिसतात. एक भीतीने गप्प बसते, दुसरे प्रत्येक तपासाला कट समजते. करीमुद्दीन यांची वाट या दोन्हींहून वेगळी होती. त्यांनी पोलिसांना झडती घेऊ नका असे सांगितले नाही. कारण लिहा, न्यायाधीशाला दाखवा, मग या, एवढेच ते म्हणाले. मिहानच्या परिसरातून राज्याच्या प्रत्येक ठाण्यात जाऊ पाहणाऱ्या यंत्रालाही हीच अट घालावी, आणि ती घालण्याची मागणी मुसलमान म्हणून नव्हे, नागरिक म्हणून करावी. त्यांनीही ती तशीच केली होती.