देवीचे खाते बंद

बँकेत दोन जातींचे खातेदार भेटतात: चिकटून राहणारे आणि खाते बंद करून जाणारे. विषाणूंचेही तेच. कांजिण्यांचा विषाणू म्हणजे मुदत ठेव! मज्जातंतूंत दडून बसतो आणि उतारवयात नागीण होऊन सव्याज परततो. देवीच्या विषाणूला मात्र माणसाखेरीज दुसरी शाखाच नव्हती. तिथेच तो सापडला! १७९६ साली इंग्लंडात जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचली. १८०२ मध्ये मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ती मिळाली. विसाव्या शतकात सुमारे ३० कोटी माणसे गिळलेले हे खाते जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली बंद केले. अटलांटा आणि कोल्त्सोवो इथले दोन लॉकर तेवढे उरलेत; किल्ल्या कोणी हरवू नयेत, म्हणजे झाले! आईच्या दंडावरचे वण ही त्या व्यवहाराची पावती. आमच्या दंडावर ते नाहीत, हाच नफा.