स्क्रीनसेव्हर नेमकं काय वाचवायचा?

'स्क्रीनसेव्हर' या एका शब्दाने जगभरच्या ऑफिसांत जेवढी वीज फुकट गेली असेल, तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने गेली असेल. (हे आपलं माझं मत हं, आकडे मागू नका!) नावातच 'सेव्हर', म्हणजे वीज वाचत असणार, असं कित्येक जण धरून चालायचे. प्रत्यक्षात तो वाचवायचा फक्त काचेच्या आतला लेप.

जुन्या सीआरटी मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असायचा. एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं की तिथला फॉस्फर झिजायचा आणि चित्राची सावली कायमची उमटायची. जॉन सोचा यांनी १९८३ च्या डिसेंबरात 'सॉफ्टटॉक' मासिकात यावर एक छोटा प्रोग्रॅम छापला. (नॉर्टन कमांडर लिहिणारे ते हेच.) तीन मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही, की पडदा काळा. बस्स, एवढंच.

पण काळा पडदा बघायला कोणाला आवडतो? १९८९ साली 'आफ्टर डार्क' आलं, आणि पडद्यावर पंख लावलेले टोस्टर उडू लागले. मग विंडोजमधले ते वाढत जाणारे पाईप, विटांचा भुलभुलैया... सीआरटी मॉनिटर साधारण ६० ते १०० वॅट वीज घ्यायचा आणि टोस्टर उडत असतानाही जवळपास तेवढीच. ८० वॅटचा मॉनिटर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ चालू राहिला तर एक युनिटहून जास्त. असे ५० मॉनिटर धरा, एका रात्रीत ५६ युनिट! आणि हे कधी, तर आपल्याकडे गावोगाव भारनियमन चालू होतं तेव्हाही.

गंमत म्हणजे उपाय तयार होता. लॅपटॉपला बॅटरी पुरवून वापरावी लागते, म्हणून झोपी जायची विद्या तो आधीच शिकला होता. टेबलावरच्या संगणकाला भिंतीतून हवी तेवढी वीज मिळे, मग कोण कशाला शिकवतंय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' सुरू केलं ते थेट संगणक आणि मॉनिटरपासून. फ्रिज-एसी नंतर आले. अट साधी होती: काम नसताना संगणकाने ३० वॅटच्या आत राहायचं, मॉनिटरनेही. सक्ती कोणावर नाही. पण एप्रिल १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी असेच संगणक घ्यावेत. एवढं मोठं गिऱ्हाईक कोण सोडणार? कंपन्या भराभर तयार झाल्या. संगणक सुरू होताना वरच्या उजव्या कोपऱ्यात ते चिन्ह झळकायचं, आठवतंय ना?

चिन्ह झळकलं, पण झोप मात्र येईना. कित्येक मशीनवर ती सोय बंदच असायची. झोपलेला संगणक उठताना अडकायचा, नेटवर्क तुटायचं. शिवाय सिस्टिमवाल्यांना रात्री बॅकअप घ्यायचा, अँटिव्हायरस अपडेट करायचा. त्यांचा हुकूम: मशीन बंद करू नका! बरं, वीजबिल भरणारं खातं वेगळं, ते त्यांच्याकडे कधी येतच नसे. मला वाटतं खरी गोम इथेच होती, यंत्रात नव्हे.

एक्सपी (२००१) मध्ये तर सगळ्या ऑफिसच्या मशीनना एका जागेवरून झोपवायची सोयच विंडोजमध्ये नव्हती. शेवटी ईपीएनेच 'ईझेड जीपीओ' नावाचं साधन फुकट वाटलं. चक्क सरकारी खात्याने विंडोजला ठिगळ लावलं! ती सोय विंडोजमध्येच आली ती व्हिस्टाबरोबर, २००७ मध्ये. तोवर सपाट एलसीडी पडदे आले होते. त्यांना फॉस्फरची सावली पडायची भीतीच नव्हती, तरी त्यांच्यावरही पाईप वाढतच होते.