अमृतनाकाची पेटी : कुळाचा गर्व की गुलामीची सनद?

आपल्या समाजात सध्या कुळाचा इतिहास शोधण्याची लाट आहे. कुणी स्वतःला सोमवंशी क्षत्रिय म्हणवतो, कुणी आपले आडनाव राजघराण्याशी जोडतो. शतकानुशतके ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांनी पूर्वज शोधणे हा गुन्हा नाही. पण काय शोधायचे आणि ते कशासाठी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

महार समाजाची एक लोककथा अमृतनाकाची. ती गावोगाव थोड्याफार फरकाने सांगितली जाते. बेदरच्या बादशहाच्या राजघराण्यातील स्त्रीला शत्रूच्या तावडीतून सोडवायला अमृतनाक निघाला. जाताना त्याने बादशहाकडे एक बंद पेटी ठेवली. तो तिला सुखरूप घेऊन परतला तेव्हा दरबाऱ्यांनी त्याच्या चारित्र्यावर संशय घेतला. पेटी उघडली, तर त्याने जाण्यापूर्वीच स्वतःचे पुरुषत्व कापून त्यात ठेवले होते. बादशहाने बक्षीस विचारले. अमृतनाकाने स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागितले.

कथा अभिमानाची आहे, हे कबूल. पण हे हक्क होते कसले? बलुत्याचे धान्य, घरोघरची भाकर, मेलेल्या जनावराचे कातडे. आणि त्या बदल्यात काय? वेसकरकी, सांगावा पोचवणे, सरकारी बोजा वाहणे, मेलेली ढोरे ओढणे. म्हणजे रात्रंदिवस राबणे. शौर्याची किंमत म्हणून पदरात पडली ती भाकरीची टोपली! ब्राह्मणी व्यवस्थेने गुलामीला ‘हक्क’ हे नाव दिले आणि आपण ते कुळकथेत जपले.

आता पुण्याकडे पाहू. 1908 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. नावात वंशाचा अभिमान आहे. पण कांबळे त्या अभिमानावर थांबले नाहीत. खंडोबाला मुलगी वाहून तिला मुरळी करण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी याच मासिकातून आवाज उठवला. जेजुरी पुण्यापासून कितीशी लांब? घरातली परंपरा चुकीची असेल तर ती तोडायची, हे धाडस त्यांनी दाखवले. 1910 मध्ये त्यांनी लष्कर आणि पोलिसांतील भरतीसाठी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. वंशाचे नाव त्यांनी माणुसकीचे हक्क मागण्यासाठी वापरले.

बाबासाहेब त्याच्याही पुढे गेले. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाबाबत विधेयक मांडले. ज्या वतनाला लोक पूर्वजांची कमाई समजत होते, ते पायातली बेडी आहे, हे त्यांनी आपल्याच माणसांना पटवले. ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली.

आणि कुळांचे काय? 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथात बाबासाहेबांनी कुळांचा वापर पुरावा म्हणून केला. महारांची कुळे आणि मराठ्यांची कुळे सारखीच आहेत, हे त्यांनी दाखवले. पंजाबातही जाटांची आणि तिथल्या अस्पृश्यांची गोत्रे एकच आहेत, हे त्यांनी नोंदवले. यातून त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : अस्पृश्यता वंशभेदातून आलेली नाही. एकाच मुळाच्या माणसांत कुणाला गावात घेतले, कुणाला वेशीबाहेर ठेवले.

म्हणजे उत्तरेतला जाट असो वा इथला जाधव, पवार, मोरे, कुळाचा इतिहास नीट वाचला तर तो उच्चनीचता सिद्ध करत नाही, ती उद्ध्वस्त करतो. मग ‘आम्हीही राजे होतो’ असे सांगून आपण कुणाच्या शिडीवर चढतो आहोत? ज्या शिडीत आपण सर्वांत खालच्या पायरीवर होतो, त्याच शिडीवर ना!

अमृतनाकाची कथा मुलांना जरूर सांगा. पण पेटीबरोबर ते बावन्न हक्कही सांगा, आणि ते नाकारणारे बाबासाहेबही सांगा. 1956 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जे स्वीकारले त्यात कुळाला जागा नाही, माणसाला आहे.

जय भीम!