नाळेतले रक्त नेमके कोणासाठी?

1988 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या अमेरिकी मुलाला त्याच्या तान्ह्या बहिणीच्या नाळेतले रक्त दिले. तोवर हे रक्त वारेबरोबर टाकूनच दिले जाई. बहिणीला हा आजार नाही आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात, हे तिच्या जन्माआधीच तपासले होते. इंडियानातले शास्त्रज्ञ हॅल ब्रॉक्समायर यांनी ते रक्त गोठवून जपले होते. मुलगा बरा झाला. मात्र त्याला वाचवणारे रक्त त्याचे स्वतःचे नव्हते. त्याच्या जन्मावेळचे रक्त साठवलेले असते, तरी त्यात तोच जनुकीय दोष असता. थॅलेसेमियाचेही असेच आहे. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगात तर पुढे रोग करणाऱ्या पेशी कित्येकदा जन्मतःच रक्तात असतात.

या यशातून दोन वाटा फुटल्या. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये पाब्लो रुबिनस्टाइन यांनी 1992 च्या सुमारास सार्वजनिक साठा उभारायला घेतला आणि 1993 मध्ये त्यातून नात्याबाहेरच्या रुग्णांवर उपचारही झाले. दुसरी वाट खासगी बँकांची. ‘तुमच्या बाळासाठी, फक्त त्याच्याचसाठी’ असे सांगत हा धंदा पुढे भारतात आला आणि प्रसूतीच्या तोंडावर असलेल्या आईबापांपर्यंत पोचला. पॅरिसच्या यशाचा दाखला देऊन त्या यशाच्या नेमकी उलटी गोष्ट विकली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या भावी वापरासाठी हे रक्त साठवण्याला आज शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

यावर विचारले जाते, उद्या नवे उपचार निघाले तर? आशा खोटी नाही, पण न निघालेल्या उपचारासाठी आज वर्षानुवर्षांचे शुल्क मागणे योग्य नाही. शिवाय एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाहीत. सख्ख्या भावंडाला उपयोग होईल हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, कारण पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते. म्हणूनच थोरल्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर धाकट्याच्या नाळेतले रक्त जरूर राखावे. परिषदेलाही हा अपवाद मान्य आहे. आपल्याकडे सार्वजनिक साठे तोकडे आहेत हा आक्षेपही खरा, पण एकेका घरापुरते कुलूपबंद ठेवलेले रक्त ती उणीव भरून काढत नाही.

घरात असा आजार नसेल, तर माझा सल्ला हे पैसे खर्च करू नका असाच आहे. नाळ कापण्याआधी किमान एक मिनिट थांबावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तेवढ्या वेळात वारेतले बरेच रक्त बाळाकडे जाते आणि त्याच्या लोहाचा साठा वाढतो. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर तेवढे थांबा, असे आपल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.